मुलाच्या दम्यासाठी रक्त तपासताय? या चुका टाळा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मुलांचं रक्त घेते. निदान करणं माझं काम नाही, ते बालरोगतज्ज्ञांचं. पण रिपोर्ट हातात पडला की आईबाबा पहिला प्रश्न काउंटरवरच विचारतात, "ताई, दमा निघाला का?"

रिपोर्टवर 'दमा' अशी ओळ नसतेच. असतो तो इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा, म्हणजे एईसी, आणि दुसरा आयजीईचा, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या रक्तातल्या प्रतिपिंडाचा. मूल ॲलर्जीच्या वळणाचं असू शकतं, इतपतच हे आकडे सांगतात. दमा ठरतो तो वेगळ्या गोष्टींवरून: खोकल्याची उबळ रात्री-पहाटे येते का, धावल्यावर छातीत शिट्टी वाजते का, आणि औषध दिल्यावर आवळलेल्या श्वासनळ्या सुटतात का.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत 5 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी तपासण्यांचा क्रम दिलाय. आधी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड (श्वासनळ्यांची सूज दाखवणारा वायू), मग स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं, तीही जमत नसेल तर दोन आठवडे पीक फ्लो मीटरच्या, म्हणजे घरी फुंकायच्या छोट्या नळीच्या नोंदी. एवढं करूनही दमा पक्का ठरला नाही, तरच धुळीतल्या किड्यांसाठी त्वचेची चाचणी किंवा आयजीई आणि इओसिनोफिल. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. रक्त पहिल्याच दिवशी, आणि फुंकायची तपासणी कधीच नाही.

उपाशी आणणं

या तपासण्यांना उपास लागत नाही. सकाळपासून पाणीसुद्धा न दिलेल्या पाच वर्षांच्या मुलाची शीर सापडत नाही, मग दोनदा टोचावं लागतं आणि पुढच्या वेळी ते लॅबच्या पायरीवरूनच रडायला लागतं. खाऊपिऊ घालून आणा.

टक्केवारी बघून घाबरणं

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, 'इओसिनोफिल 8 टक्के' दिसलं की घरात धांदल. पण एकूण पांढऱ्या पेशी 6,000 असतील तर 8 टक्के म्हणजे 480. दुसऱ्या मुलाच्या पेशी 14,000 आणि इओसिनोफिल 5 टक्केच, तरी संख्या भरते 700. बघायची ती संख्या. ब्रिटनच्या त्या सूचनांत मर्यादा 500 ची आहे, तीही आयजीई वाढलेलं किंवा त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह असेल तरच मोजायची.

कोणतं औषध चालू आहे ते न सांगणं

रात्री धाप लागली, प्रेडनिसोलोनचं सिरप दिलं, आणि सकाळी रक्त द्यायला आले. पोटातून दिलेल्या स्टेरॉइडने इओसिनोफिल काही तासांतच खाली येतात, मग रिपोर्ट 'नॉर्मल'. अंगात जोराचा जंतुसंसर्ग असतानाही तेच होऊ शकतं. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या औषधाचं मात्र वेगळं आहे. त्याने त्वचेची चाचणी बिघडते म्हणून ते आधी काही दिवस बंद करायला सांगतात, रक्तातल्या आयजीईला त्याने फरक पडत नाही. लोक नेमकी या दोन्हींची सरमिसळ करतात.

जंतांचा विचारच न करणं

माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत हीच. पोटात जंत असले की इओसिनोफिल वाढतात, आयजीईही वाढतं, आणि त्यात दम्याचा काही संबंध नसतो. त्यात आणखी गंमत अशी, की गोल जंतांच्या अळ्या आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसातून जातात, त्या वेळी खोकला आणि घुरघुरही होऊ शकते. म्हणजे रिपोर्टही दम्यासारखा आणि छातीही दम्यासारखी. 'शाळेत 10 फेब्रुवारीला गोळी दिली होती' असं पालक सांगतात. गोळी खाल्ली की खिशात घातली, हे मुलालाच विचारा.

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडारा या हत्तीरोगाच्या पट्ट्यात आणखी एक शक्यता असते. रात्रीचा कोरडा खोकला, धाप, आणि एईसी 3,000 च्याही वर. हत्तीरोगाच्या जंतूंवर फुप्फुसाने दिलेली ही प्रतिक्रिया असू शकते. तिचं औषध डायइथिलकार्बामाझिन, दम्याचा पंप नव्हे. आकडा हजारांत असेल तर 'ॲलर्जी जास्त आहे' एवढ्यावर भागवू नका, डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मोठ्यांचा आयजीई मुलाला लावणं

जन्मतः आयजीई जवळजवळ नसतं, वयाबरोबर वाढत जातं. दोन वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाची मर्यादा एक नसते. शिवाय अंगावर इसब असलं तरी आकडा फुगतो.

भलंमोठं ॲलर्जी पॅनेल

हजारो रुपये मोजून शंभर पदार्थांची यादी येते आणि दूध, अंडं, केळं, दही सगळं ताटातून जातं. यादीत नाव आलं म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असं नाही, शरीराने त्याची ओळख नोंदवली आहे एवढाच अर्थ. जो पदार्थ मूल रोज हसतखेळत खातं, तो कागदावरच्या लाल अक्षरासाठी तोडू नका. पदार्थांची आयजीजी (आयजीईहून वेगळं प्रतिपिंड) चाचणी तर सरळ नाकारा, ॲलर्जीच्या निदानाला तिचा काही उपयोग नाही.

रिपोर्ट नॉर्मल, म्हणून पंप बंद

हे बघून जीव खालीवर होतो. रक्त नॉर्मल असूनही दमा असू शकतो, आणि पंप चालू असल्यामुळे मूल बरं असणं म्हणजे दमा गेला असंही नाही. पंप कमी करायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

पाच वर्षांखालच्या मुलाला नीट फुंकता येत नाही, तिथे डॉक्टर लक्षणांवरून औषध देऊन बघतात आणि पुन्हा बोलावतात. वारंवार घुरघुरणाऱ्या लहानग्यांसाठी 2000 साली ॲरिझोनातल्या टूसॉनच्या अभ्यासातून पुढे दमा होईल का याचा एक ठोकताळा आला. त्यात इओसिनोफिल 4 टक्के किंवा जास्त हा निकष आहे, पण दुय्यम. आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा मुलाला इसब, हे मुख्य. म्हणून आजी 'आमच्यात कुणाला दमा नाही' म्हणून विषय झटकत असेल, तर तिला जरा बाजूला बसवा आणि डॉक्टरांना खरं सांगा.

फाइलसोबत हेही न्या: रात्री श्वास कसा चालतो त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ, शर्टाची बटणं सोडून, पोट आणि बरगड्या दिसतील असा. आणि गेल्या महिन्याभरातल्या औषधांच्या बाटल्या, नावं आठवत बसण्यापेक्षा पिशवीतच घाला.

बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, धापेमुळे मुलाला एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, तर आमच्याकडे येऊच नका. थेट दवाखाना गाठा, रक्त नंतर घेता येतं.