प्रोजेक्टची स्पोर्ट्स कार उचलण्याआधी: कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

जुनी, बंद पडलेली गाडी घेऊन ती सुटी करून पुन्हा उभी करायची, तिलाच प्रोजेक्ट म्हणतात. अशी गाडी बघायला निघण्याआधी ती कुठे उभी राहणार हे ठरवून टाका. मुंबईत हा प्रश्न इंजिनपेक्षा अवघड आहे. सुटी केलेली गाडी दोन-तीन वर्षं सहज जागची हलत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकं काढून ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीचं कौतुक पहिल्या महिन्यापुरतंच असतं, मग सेक्रेटरींची चिठ्ठी येते. रस्त्यावर ठेवाल तर बेवारस वाहन म्हणून महापालिकेची नोटीस काचेवर चिकटेल. शिवाय एका गाडीला दीड गाडीची जागा लागते, कारण बोनेट, दारं, सीटा, काचा सगळं वेगळं ठेवावं लागतं. वसई, भिवंडी किंवा पनवेलकडे गाळा घेणार असाल तर त्याचं भाडं पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. गाळा बंदिस्त हवा, पण हवेशीरही हवा. ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते आणि प्रायमर न मारलेला पत्रा गणपतीपर्यंत लाल होतो.

जागेचं जमलं की एका कागदावर लिहून काढा: ही गाडी तयार झाल्यावर मी तिचं काय करणार? होर्निमन सर्कलची व्हिंटेज रॅली, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला चक्कर, की घाट चढून लोणावळा? उत्तर बदललं की गाडी बदलते आणि नियमही बदलतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने काढलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आणि अशी गाडी रोज फिरवायची नाही: प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. मनात येईल तेव्हा फिरायचं असेल तर साधी नोंदणी चालू असलेली गाडी शोधा. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. फेरफाराचं म्हणाल तर तिथेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. तेव्हा ‘छप्पर कापू, मारुतीचं इंजिन टाकू’ असा बेत असेल तर तो खरेदीआधीच मोडलेला बरा.

आता कागद. विक्रेता बोनेट उघडायला धावेल, तुम्ही आधी आरसी बुक मागा. १९८९च्या आधीच्या गाड्यांना बीएम, एमआर, एमएम असे जुने नंबर असतात, आणि त्यातले कित्येक सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत चढलेलेच नाहीत. मूळ नोंद ज्या कार्यालयात असेल तिथे, म्हणजे ताडदेव, अंधेरी किंवा वडाळ्याला, बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते. ते काम विक्रेत्याने करून द्यावं आणि मगच पैसे घ्यावेत. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. चाळीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो, आणि कर्ज देणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते. मालक हयात नसेल तर वारसांच्या नावावर गाडी आधी चढायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एक भाऊ डोंबिवलीला आणि दुसरा न्यू जर्सीला असेल तर किती दिवस जातील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. परदेशी गाडी असेल तर कस्टमचे मूळ कागदही हवेत. पर्यावरण कर भरलाय का, जुनी चलनं बाकी आहेत का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

मग पेन्सिल आणि पातळ कागद काढून चेसिस नंबर उमटवून घ्या, आरटीओत घेतात तसा. अंक एका सरळ रेषेत, एका खोलीचे हवेत. आजूबाजूला वेल्डिंगचा डाग किंवा घासल्याची चमक दिसली तर चहा संपवून निघा. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर मात्र लगेच निघायचं कारण नाही. या वयाच्या गाड्यांची इंजिनं बदललेली असतात, फक्त त्या बदलाची नोंद आरसीवर असायला हवी.

गाडी कोणती, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत ऐकायचं तर पहिल्या प्रोजेक्टला स्टँडर्ड हेरल्ड घ्या. ती नावाने स्पोर्ट्स कार नाही हे मान्य. पण मद्रासला बनलेली ही गाडी म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड, आणि ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर काढली ती हेरल्डचीच चेसिस आखूड करून. दोन्हींचं रेखाटन जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांचं. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे बरेच सुटे भाग इंग्लंडहून आजही नवे मागवता येतात. वेगळी चेसिस, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी आणि अख्खं पुढे उलटणारं बोनेट, म्हणजे शिकाऊ माणसाला हात घालायला सगळीकडे वाव. हिचं छप्परसुद्धा बोल्टवर आहे, कापावं लागत नाही. ९४८ सीसीचं इंजिन कुठलाही जुना मिस्त्री डोळे झाकून खोलेल. मागचा स्विंग अ‍ॅक्सल मात्र जपून चालवायचा. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढलात तर मागचं चाक आत दुमडू पाहतं.

फियाट ११०० किंवा पद्मिनी आपल्या कुर्ल्याची, माणसं ओळखीची, सुटे भाग अजून मिळतात, आणि डुक्कर फियाटवर तर मुंबईकराचा जीव आहे. तिच्यावर स्पोर्ट्स स्पेशल बांधायचा मोह होतो, पण तिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा कणा. छप्पर कापलेली फियाट मधोमध वाकते आणि मग दारं लागत नाहीत. अशी कापाकापी केलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी नको. टॅक्सी म्हणून फिरलेली तर अजिबात नको: पत्रा पुन्हा पुन्हा ठोकलेला, सीएनजीच्या टाकीने डिक्कीचा तळ दमलेला, आणि परमिट रद्द करून खासगी नोंद करण्याचं लचांड वर.

खरी ब्रिटिश टू-सीटर परवडत असेल तर एमजी टीसी, टीडी आणि टीएफ यांच्या बॉडीत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो हे विसरू नका. मुंबईत तिथे गंजाआधी वाळवी पोचते. दार उघडून बिजागरीपाशी वर-खाली हलवून बघा, आणि दाराखालच्या लाकडात टोच्या घालून बघा. या गाड्यांच्या इंजिनातले आटे मेट्रिक पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची, तेव्हा पाने वेगळे लागतील. एमजीबी फियाटसारखीच बिनचेसिसची. तिच्या दाराखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर गाडीची ताकदच गेली. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची. बॉडी फायबरची असल्याने लोक गंजाची तपासणीच करत नाहीत, आणि खालचं लोखंड तसंच राहून जातं.

पत्रा तपासायला सकाळचं ऊन हवं. टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, जॅक आणि जुनी चादर बरोबर न्या. चुंबक जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते. चाकांच्या कमानी आणि दारांचा खालचा वीतभर भाग पूर्ण लांबीचाच असेल तर तुम्ही गाडी विकत घेत नसून पुतळा घेताय. रबर मॅट उचला, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवा. हेरल्ड असेल तर चादर टाकून खाली झोपा: चेसिसमधून बाजूला निघणारे हात, विशेषतः डिक्कीखालचे, आधी सडतात. पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे ज्यांवर चाकं वळतात ते सांधे, विचारून घ्या. त्यांत ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल भरायचं असतं. वर्षानुवर्षं ग्रीस मारलेले ट्रनियन आतून झिजतात आणि एक दिवस चाक बाहेर फेकलं जातं. ते नवेच टाकायचे, असं धरून चाला.

गाडी कुठल्या वस्तीत उभी होती हेही विचारा. वरळी किंवा वर्सोव्याला समुद्रासमोर उघड्यावर राहिलेली गाडी वरून ठीक दिसली तरी क्रोमच्या पाठीमागे पोखरलेली असते. कुर्ला, कलिना, सायन अशा सखल भागातली असेल तर २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. दाराच्या पोकळीत, हेडलाइटच्या वाटीत, सीटच्या रुळाखाली वाळलेला बारीक गाळ सापडला तर सगळं वायरिंग नवं धरा.

इंजिनाला मी फार वेळ देत नाही. प्लग काढून थोडं तेल सोडा, हँडल मारून फिरतं का बघा. जाम असेल तर भाव पाडा, घाबरू नका. बोअर मारता येतो, स्लीव्ह घालता येते, क्रँक घासता येतो, आणि हे करणारे लेथवाले अजून आहेत. विलायतेत थंडीने पाणी गोठून ब्लॉक तडकतात, ती भीती आपल्याकडे नाही. आपल्याकडे साध्या पाण्याने आतल्या वाटा गंजाच्या चिखलाने भरतात. व्हॉल्व्ह सीटची झीज थोपवणारं शिसं असलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तेव्हा बिडाच्या जुन्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवण्याचे पैसे बाजूला ठेवा. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबरी पाइप आणि डायाफ्राम टिकत नाहीत, तेही सगळे बदलायचे.

त्याहून जास्त वेळ द्या तो बारीकसारीक गोष्टींना. मीटर, बिल्ले, काचांच्या कडांची पट्टी, हॅंडलं, विंडस्क्रीनची फ्रेम, हुडचे, म्हणजे कापडी छपराचे, लोखंडी दांडे. इंजिनाचा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसला विचारून मिळेल, चोरबाजारात एखादा मीटरही मिळेल, पण हुडचे दांडे कुठून आणणार? गंजलेली पण पूर्ण गाडी ही चकचकीत पण अपुऱ्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. ‘बाकीचं सामान माळ्यावर आहे’ असं काका म्हणाले तर माळ्यावर चढा.

सौदा ठरवण्याआधी डेंटरला गाडी दाखवा, पेंटरला नाही. पेंटर सगळ्याला हो म्हणतो. पत्रा कापून नवा बसवणारा, गॅसने बारीक वेल्डिंग करणारा म्हातारा डेंटर आज कमी उरलाय, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत गाडी घेण्याची घाईही नको. टोकन देताना चेसिस नंबर, राहिलेली कागदपत्रं आणि सोबत मिळणाऱ्या सुट्या भागांची यादी त्याच पावतीवर लिहून सही घ्या. गाडी दोरीने ओढत आणू नका, तिचे ब्रेक तुम्ही अजून उघडून बघितलेले नाहीत. फ्लॅटबेड रात्री मागवा, बोनेट आणि दारं बांधून घ्या, आणि काढलेला प्रत्येक नट त्याच रात्री नाव लिहिलेल्या पिशवीत टाका.