घरावर सोलर बसवताना आधी बिल बघा, मग छप्पर

सोलरवाला घरी आला की थेट गच्चीवर चढतो. त्याला चढू द्या, तोवर तुम्ही मागच्या बारा महिन्यांची बिले काढा. चवथीचे (गणेश चतुर्थीच्या महिन्याचे) धरून.

गोव्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि सोलर आधी वरचे, महागडे युनिट कापते. त्यामुळे तुमचा वापर कुठल्या टप्प्यापर्यंत जातो, यावर सगळा हिशेब उभा आहे. १ किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात कमी. म्हणजे ३ किलोवॅटचे वर्षाला साधारण ४,००० युनिट. समजा खर्च आला २ लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये अनुदान आहे. खिशातून गेले १,२२,०००. वाचलेले युनिट सरासरी ५ रुपयांचे असेल तर पैसे सहा वर्षांत वसूल. ३ रुपयांचे असेल तर दहा. बिल खालच्याच टप्प्यात राहत असेल तर घाई करू नका. आणि ‘५ किलोवॅट घेऊन टाका’ याला भुलू नका, अनुदान ७८,००० च्या वर जात नाही.

मग बिलावरचे नाव बघा. आपल्याकडे वाटण्या झालेल्या नसतात, बिल अजून आजोबांच्या नावावर येत असते. ते आधी बदलून घ्या. यात सोलरपेक्षा जास्त दिवस जातात.

त्यानंतर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून अर्ज करा आणि नोंदणीकृत विक्रेता निवडा. पॅनेल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत, नाहीतर अनुदान नाही. वीज खात्याने नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसवून सगळे चालू झाले की पैसे बँकेत जमा होतात.

आता छप्पर. किलोवॅटमागे १०० चौरस फूट जागा लागते, तोंड दक्षिणेला. खरा शत्रू माड. आमच्या फोंड्याच्या घरी दुपारी तीननंतर एकाच झावळीची सावली पॅनेलवर फिरायची आणि सगळ्या ओळीची वीज खाली यायची. शिवाय नारळ पडायची भीती वेगळी. शेवटी पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, बोलावून झावळ्या उतरवल्या. किनाऱ्याजवळ घर असेल तर सांगाडा चांगल्या जस्त-मुलाम्याचाच घ्या, खारा वारा साधे लोखंड खाऊन टाकतो.

एक गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही. लाइट गेली की बॅटरी नसलेले सोलरही बंद पडते. मुद्दामच तसे केलेले असते, तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून. मृगाच्या पहिल्या सरीला वाड्यावरची लाइट गेली, तेव्हा शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “तुमची पण गेली? मग ती वर कशाला चढवून ठेवलीत रे?”