रॅम खराब आहे की स्लॉट?

जुना डेस्कटॉप कधी निळा पडदा दाखवून, तर कधी काहीच न सांगता पुन्हा सुरू होत असेल, किंवा कॉपी केलेल्या झिप फायली वारंवार खराब निघत असतील, तर विंडोज नव्याने टाकण्याआधी रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, तपासावी. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा आणि चाचणी शक्यतो रात्रभर चालू ठेवावी, कारण काही दोष रॅम तापल्यावरच उघड होतात. एक जरी त्रुटी दिसली, तरी ती सोडून देण्याजोगी नसते.

मात्र लगेच नवी रॅम मागवण्याची घाई नको. वीजपुरवठ्याची वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच रॅमच्या पट्ट्या काढाव्यात. त्यांच्या कडेचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसून त्याचे कण झटकून टाकावेत. जुन्या यंत्रांत निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असे वाटते. त्यानंतर एका वेळी एकच पट्टी लावून, स्लॉट (पट्टी बसवायची खाच) बदलत चाचणी घ्यावी. त्रुटी पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, ठरावीक स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्डवर, म्हणजे स्लॉट असलेल्या मुख्य सर्किट बोर्डवर, संशय घ्यावा. प्रत्येक पट्टी एकेकटी निर्दोष ठरूनही एकत्र लावल्यावर त्रुटी आल्यास बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग एक पायरी कमी करून पाहावा.