गाठ माझ्या हातून निघाली, सही नवऱ्याची होती

एमएस (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) होऊन दुसरंच वर्ष चालू होतं, आणि वकिलाची नोटीस आली. छातीवरच्या सुपारीएवढ्या गाठीसाठी. लोकल भूल, वीस मिनिटं, चार टाके. जखम छान भरली, पण पुढे तिथे केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर पसरणारा जाड, उंचवटलेला व्रण, वाढलं. मी घाईघाईने फाईल काढली. ऑपरेशन नोट्स चोख होत्या. संमतीपत्रावर सही मात्र नवऱ्याची.

इथेच मी अडकलो, म्हणून नव्या सर्जन मित्रांनो, हे नीट ऐका. बाई चाळिशीच्या, पूर्ण शुद्धीवर, टेबलावर माझ्याशी बोलत होत्या. नवरा काउंटरवर पैसे भरत होता, सिस्टरने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. ‘नातेवाइकाची सही’ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की मलाही काही खटकलं नाही. सज्ञान, शुद्धीवरच्या रुग्णाची संमती रुग्णानेच द्यायची. नवरा, आई, मुलगा फार तर साक्षीदार. २००८ चा समीरा कोहली निकाल एकदा मुळातून वाचा. संमती होती निदानाच्या लॅपरोस्कोपीची, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासण्याची. रुग्ण भुलेखाली असताना आईला विचारून गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने आईची संमती ग्राह्य धरली नाही.

त्याच निकालात काय सांगायचं तेही आहे: काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, ठळक धोके कोणते, नाही केलं तर काय होईल. लाखात एखादा धोका सांगायची सक्ती नाही. पण छातीवर केलॉइड ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे, आणि मी ती बोललोच नव्हतो.

छापील इंग्रजी फॉर्मवर माझा विश्वास उरलेला नाही. मी आता मराठीत, हाताने, दोन ओळी लिहितो. ‘सही घेऊन ठेव, बाकी बघू’ म्हणणाऱ्या सरांकडून टाके घालायला जरूर शिका, संमती घ्यायला नको.

नोटीस आली म्हणून हातपाय गाळू नका. वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट आहे. डॉक्टर म्हणून आपला जो इन्शुरन्स असतो, त्या इन्शुरन्सवाल्यांना लगेच कळवा. रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्या. आणि जुन्या फाईलमध्ये मागाहून एक अक्षरही घालू नका. मला तो मोह झाला होता, रात्रभर झाला होता.

नंतर बाई स्वतः भेटायला आल्या. म्हणाल्या, “गाठ दुखत नव्हती हो. व्रणाचं सांगितलं असतं, तर मी राहू दिली असती.”