जुनं पिनबॉल मशीन घरी आणलंय? मग या चुका टाळा

गॉटलिब, विल्यम्स, बॅली, ही सगळी शिकागोची मशीन्स, सत्तरच्या दशकातली अजूनही कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमधून निघतात, आणि घरी आणलं की पहिलं काय तर प्लग लावून बघायचं. नका हो असं करू. आधी काच काढा, प्लेफील्ड, म्हणजे गोळी ज्यावर फिरते ती फळी, उचला, एकेक फ्यूज काढून बघा. माझ्या मशीनमध्ये फ्यूजला चक्क चंदेरी कागद गुंडाळलेला होता, तसंच चालू केलं असतं तर वायरिंगच जळलं असतं. भारतात आणलं असेल तर अजून एक, ही अमेरिकेतली मशीन्स साधारण ११५ व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३०, त्यामुळे मधे स्टेपडाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरं म्हणजे डब्ल्यूडी-४०. काही अडकलं की मारला स्प्रे! दोन दिवस छान चालतं, मग त्यावर धूळ बसून चिकटा होतो, शिवाय तो पेट घेतो आणि इथे स्वीचवर ठिणग्या उडत असतात. कॉइल म्हणजे भाग ओढणारं तारेचं वेटोळं, त्याच्या आतली स्लीव्ह (नळी) कोरडीच हवी, झिजली असेल तर नवी नायलॉनची टाका, स्वस्त मिळते.

फ्लिपरमध्ये, म्हणजे गोळी उडवणाऱ्या दांडीमध्ये, दम नाही म्हणून जास्त ताकदीची कॉइल घालणारे तर खूप भेटतात. दोष बहुतेक वेळा स्वीचच्या एका पत्तीचा असतो. फ्लिपर कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक जोरात उचलायला, एक नुसतं धरून ठेवायला, आणि फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटी एक स्वीच उघडतो, एंड ऑफ स्ट्रोक, आणि काम धरून ठेवणाऱ्या वाइंडिंगवर जातं. तो मळला तर फ्लिपर मरगळतो, उघडलाच नाही तर कॉइल तापून जळते. मशीन बंद ठेवून हाताने फ्लिपर वर न्या आणि त्या पत्त्यांकडे नीट बघा, अगदी शेवटी दोनेक मिलिमीटर फट पडली पाहिजे. हे कॉन्टॅक्ट टंगस्टनचे, बारीक कानस चालते. पण सर्किट बोर्डवाल्या मशीनमधल्या छोट्या स्वीचना सोन्याचा मुलामा असतो, तिथे कानस लावली की मुलामा गेलाच, नुसतं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढा.

बोर्डवरची बॅटरी गळली असेल तर ती आधी काढा, हिरवट डाग व्हिनेगरने पुसा, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. नवी बॅटरी बोर्डपासून लांब लावा.

आणि बॅकग्लासची, म्हणजे मशीनच्या वरच्या उभ्या चित्राच्या काचेची, मागची बाजू ओल्या फडक्याने पुसू नका प्लीज. चित्र त्याच बाजूला छापलेलं असतं. माझ्या एका काचेवरचं अख्खं आकाश फडक्याला लागून आलं, तिथे आता नुसता बल्ब दिसतो.