अ‍ॅक्शन कार्टूनमधल्या चुका पकडायच्या कशा, ड्रॅगन बॉल झी घेऊन

सगळ्यात आधी, "माणूस उडतोच कसा" टाईप चुका लिहून काढू नका. ड्रॅगन बॉल झी हा जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून सिरीज, आणि उडणं हा तिचा नियम आहे, तो मान्य करूनच आपण बघायला बसलोय. चूक धरायची ती सिरीज स्वतः काहीतरी ठरवते आणि मग स्वतःच विसरते तेव्हा. त्यामुळे बघताना मोबाईलमध्ये नोट उघडी ठेवा, कुणी तोंडाने आकडा किंवा नियम सांगितला की पॉज करून एपिसोड नंबर, मिनिट-सेकंद आणि ते वाक्य टिपून घ्या, नंतर शोधत बसलात तर सापडत नाही.

आता फेमस केस. खलनायक फ्रीझा नामेक नावाच्या ग्रहाच्या गाभ्यावर वार करतो आणि सांगतो की पाच मिनिटात ग्रह फुटणार, आणि मग हिरो गोकूशी त्याची मारामारी आठ-दहा एपिसोड चालते. पण डायरेक्ट एपिसोड गुणिले वीस मिनिटं करू नका हं, फॅन लोक लगेच धरतील. टायटल, मागच्या भागातलं रिपीट आणि त्याच वेळी दुसरीकडे चाललेले सीन आधी वजा करा. तरी कुणीतरी म्हणेलच की ते सुपरफास्ट लढतात, पाच मिनिटं भरपूर झाली. मग फक्त संवाद मोजा, कारण गप्पा तर ते आपल्याच स्पीडने मारतात, आणि तेवढ्यातच पाच मिनिटं कधीच संपून जातात. यामागचं कारण साधं आहे, मंगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, दर आठवड्याला छापून येत होता आणि ॲनिमे त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून सीन ताणायचे. त्याच सिरीजच्या 2009 च्या 'काई' नावाच्या व्हर्जनमध्ये बराच ताण कापलाय, तेही लावून बघा.

सायन्सच्या चुकांसाठी मला किंग काई या परलोकातल्या गुरूचा ग्रह आवडतो, कारण तिथे सिरीजनेच आकडा दिलाय, पृथ्वीच्या 10 पट गुरुत्वाकर्षण. ग्रह एवढुसा, आपण त्रिज्या 50 मीटर धरू. गणित केलं तर त्या ग्रहाच्या एका घन सेंटिमीटरचं वस्तुमान साधारण 7 टन भरतं, म्हणजे श्वेतबटू, म्हणजे विझून आकसलेल्या ताऱ्यासारखा घट्ट माल पाहिजे. बरं, एवढं करूनही तिथून सुटायला सेकंदाला 99 मीटर वेग पुरतो आणि हवेचे रेणू साध्या तापमानाला सेकंदाला 500 मीटरच्या आसपास पळतात, म्हणजे हवा टिकणारच नाही. गोकू तिथे मेल्यावर गेलाय त्यामुळे श्वासाचं सोडून देऊ, पण गवत आणि झाडं?

चंद्राची केस जरा जपून. पौर्णिमेचा चंद्र बघून गोकूचा मुलगा गोहान अवाढव्य माकड होतो तेव्हा त्याचा गुरू पिकोलो चंद्रच उडवतो, आणि पुढे त्याच जमातीच्या व्हेजिटाला माकड व्हायला स्वतःचा नकली चंद्र बनवावा लागतो, म्हणजे कंटिन्युइटी त्यांनी नीट सांभाळलीय, याला चूक लिहू नका. सायन्सची चूक मात्र आहे. सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही कमी असते, तेव्हा चंद्र गेला की समुद्राचं सगळं बदलायला पाहिजे, तिथे कुणाला पत्ताच नाही.

चित्रातल्या चुका वेगळ्या पानावर ठेवा, त्या लेखकाच्या नसतात. 1984 च्या ट्रान्सफॉर्मर्स या रोबोटांच्या कार्टूनमध्ये स्टारस्क्रीम, स्कायवॉर्प आणि थंडरक्रॅकर हे तीन रोबोट एकाच डिझाईनचे, फरक फक्त रंगाचा, आणि घाईघाईत रंग हमखास अदलाबदल व्हायचे. यासाठी फ्रेम-फ्रेम पुढे न्या, शॉट बदलतो तिथेच सापडतं. त्यातला मेगाट्रॉन हा मोठा रोबोट पिस्तूल होऊन दुसऱ्या रोबोटच्या हातात मावतो ते या पानावर नको, ते सायन्सचं.

आणि पोस्ट करायच्या आधी डब तपासा. गोकूच्या ताकदीचा आकडा 9000 पार गेला असं सांगणारा व्हेजिटाचा तो डायलॉग इंग्लिश डबचा आहे, मूळ जपानीत आकडा 8000 आहे, त्यावरून लेखकाला शिव्या घालून उपयोग नाही.