अ‍ॅम्प ऑन केला की स्पीकरमधून येणारा ‘धप्प’ आवाज कसा घालवायचा

अ‍ॅम्पचं बटण दाबलं की स्पीकरमधून धप्प करून आवाज येतो ही तक्रार एकदम कॉमन आहे आणि त्यावर सगळ्यांचं उत्तरही ठरलेलं, ‘प्रोटेक्शन बोर्ड लाव’. लावा की, पण आधी आवाज येतोय कुठून ते बघा, कारण त्या बोर्डावरचा रिले (आपोआप चालणारा स्विच) स्पीकर फक्त उशिरा जोडतो, आतला प्रॉब्लेम तसाच राहतो.

बारीकसा ठप्प येऊन लगेच शांत होत असेल, वूफरचा कोन जेमतेम हलत असेल, तर काही करू नका, मजेत गाणी ऐका. पण कोन धाडकन बाहेर येऊन तिथेच थांबून राहिला तर ताबडतोब बंद करा, स्पीकरला सरळ डीसी (एकाच दिशेचा करंट) जातोय आणि व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) जळायला वेळ लागत नाही.

आता शोधायचं कसं. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर ठेवून ऑन करा, मग थोडा वाढवून परत तेच करा. आवाज व्हॉल्यूमप्रमाणे कमीजास्त झाला तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागातून, म्हणजे ब्लूटूथ मॉड्यूल, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा भाग), प्रीअ‍ॅम्प (पॉवर स्टेजच्या आधी सिग्नल तयार करणारा भाग) असल्या कशातून तरी येतोय. काहीच फरक पडला नाही तर पॉवर स्टेजकडे, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या भागाकडे बघा. खात्री करायला अ‍ॅम्प बंद असताना इनपुटच्या सगळ्या वायर काढून परत ट्राय करा, आणि हे सगळं एखाद्या जुन्या स्पीकरवर करा, चांगल्यावर नको.

सोर्सचा दोष निघाला तर खर्च शून्य. ऑन करताना आधी सोर्स, मग प्रीअ‍ॅम्प, शेवटी पॉवर अ‍ॅम्प, आणि बंद करताना बरोब्बर उलटं. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डच्या एका बटणावर टाकलं असेल तर धप्प येणारच, अ‍ॅम्पला वेगळं बटण द्या.

पॉवर स्टेजचा असेल तर अ‍ॅम्प कसला आहे त्यावर आहे. सिंगल सप्लायवाल्यात (फक्त प्लस व्होल्टेजवर चालणाऱ्या) आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो, 1000, 2200 मायक्रोफॅरड वगैरे, तो चार्ज होताना सगळा करंट स्पीकरमधूनच जातो म्हणून धप्प, हा त्या डिझाइनचा स्वभावच आहे, इथे डिलेवाला रिले हाच सोपा उपाय. ड्युअल सप्लायवाल्यात (प्लस आणि मायनस दोन्हींवर चालणाऱ्या) ती दोन व्होल्टेज एकसारखं चढलं नाही की आउटपुट काही क्षण एका बाजूला झुकतं. टीडीए7294 सारख्या आयसीला (अ‍ॅम्पच्या चिपला) यासाठीच स्टँडबाय (पिन 9) आणि म्यूट (पिन 10) दिलेत, एलएम3886 ला पिन 8 वर म्यूट आहे, ते सप्लाय सेटल झाल्यावर हळूच उघडायला हवेत. पण स्वस्तातल्या बोर्डावर कधी त्या पिना डायरेक्ट सप्लायला जोडलेल्या असतात, मग आयसी बिचारा काय करणार. डेटाशीटमधलं रेझिस्टर-कपॅसिटरचं सर्किट घाला, टीडीए7294 ला तो कपॅसिटर साधारण 10 मायक्रोफॅरडचा असतो.

ड्युअल सप्लायवाल्याचं डीसी ऑफसेट (गाणं नसतानाही आउटपुटवर राहणारं डीसी व्होल्टेज) पण चेक करा. स्पीकर आणि इनपुट काढा, ऑन करून थोडा वेळ जाऊ द्या आणि मल्टीमीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनलवर मोजा. 50 मिलीव्होल्टच्या खाली असेल तर ठीक, 100 च्या वर असेल तर आत काहीतरी बिघडलंय, आधी ते दुरुस्त करा आणि मगच प्रोटेक्शन बोर्ड. तो घेताना दोनतीन सेकंद डिले आणि डीसी डिटेक्शन दोन्ही असलेला घ्या, यूपीसी1237 आयसीवाले बरेच मिळतात. ब्रिज्ड अ‍ॅम्प (एका स्पीकरला दोन्ही टोकांनी चालवणारा) असेल तर स्पीकरची मायनस वायर ग्राउंड नसते, तिथे साधा बोर्ड बघितल्याशिवाय जोडू नका.

बंद करतानाच टक् येत असेल तर बहुतेक वेळा स्विचच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडतेय. स्विचला पॅरलल 0.1 मायक्रोफॅरड आणि 100 ओहम सिरीजमध्ये लावतात, पण कपॅसिटर एक्स2 रेटिंगचा (मेन्ससाठी बनवलेला सेफ्टी कपॅसिटर) हवा, साधा कपॅसिटर मेन्सवर चालत नाही. हे काम येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या. आणि कव्हर उघडायच्या आधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटरचं व्होल्टेज मीटरने बघा, प्लग काढला तरी ते बराच वेळ चार्ज असतात.